सुखाचा पहिला अर्धा तास

आमच्या मंडळात महिन्यातून एकदा काहीतरी मिळून बघायचं किंवा वाचायचं ठरलेलं आहे. बस्तीला लागून हॉल आहे, तिथं. दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी झाली आणि त्यानंतरच्या बैठकीला आम्ही 'तू तिथे मी' लावला. 1998चा चित्रपट. दिग्दर्शन संजय सूरकरांचं, निर्मिती स्मिता तळवलकरांची, त्या वर्षीच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळालेला. बहुतेकींनी तो आधी पाहिला होता. तरी मोहन जोशी आणि सुहास जोशी एकमेकांपासून लांब झाल्यावर हॉलमध्ये पदर डोळ्यांना लागायचे ते लागलेच. मीही काही कोरडी राहिले नाही.

मग चहा (दिवस मावळायच्या आत) आणि चर्चा. चर्चा म्हणजे काय, मुलं कशी वागतात, सुना कशा वागतात, आपल्या ओळखीत कुणाचं असंच झालं, घर नावावर करून देऊ नये, हे सगळं. अर्धा तास तेच चाललं होतं. आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आमच्या एक थोरल्या अक्का, वय अठ्ठ्याहत्तर, मधेच म्हणाल्या, "रडलासा समद्या. पर ती दोघं आधी किती चांगली हुती, त्येचं कोणच बोलंनासा झालासा की."

खरंच कुणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. आणि मंडळात पुस्तकांवर बोलायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं! घरी येताना तेच डोक्यात घोळत राहिलं. आपल्याला त्या दोघांचं दुःख बारीकसारीक आठवतं आणि सुख मात्र आठवत नाही, ह्यात आपला दोष किती आणि दाखवणाऱ्याचा किती?

चित्रपटाची कल्पना साधी आहे. नवरा निवृत्त होतो. नोकरी, घर, मुलं ह्यांत बायकोजवळ निवांत बसायचं राहून गेलेलं असतं, ते आता करावं असं त्याच्या मनात येतं. तिच्याही मनात असतं, पण ती बोलत नाही. आणि नेमकं तेव्हाच मुलांच्या संसारांची गरज आड येते आणि एक इकडे, एक तिकडे अशी वाटणी होते. पहिला भाग, म्हणजे निवृत्तीचा उंबरठा, तो गमतीचा, थोडा लाजण्याचा, थोडा थट्टेचा. मोहन जोशींना तोवर आपण खलनायक म्हणूनच जास्त पाहिलेलं. इथं ते साठीचे होऊन बायकोभोवती घोटाळतात. सुहास जोशी त्याला जे उत्तर देतात ते नुसत्या मान वळवण्यातून देतात. मला विचाराल तर अख्ख्या चित्रपटातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे. रडणं त्यामानानं सोपं. पण कथेला मात्र तिथं थांबायचं नसतं. सुख म्हणजे जणू पाटावर बसण्याआधीचं हात धुणं. जेवण पुढं आहे, आणि ते दुःखाचं आहे.

ही गोष्ट आजची नव्हे. 1937 साली लिओ मॅकॅरी नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकानं 'मेक वे फॉर टुमारो' हा चित्रपट केला. म्हातारं जोडपं, घर बँकेनं घेतलेलं, पाच मुलं, कुणालाच दोघं एकदम नको असतात. तो एकीकडे, ती दुसरीकडे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा 1935 साली झाला होता, पण दरमहा पेन्शन हातात पडायला 1940 साल उजाडलं. म्हणजे चित्रपट आला तेव्हा म्हाताऱ्यांना मुलांच्या दाराशिवाय दुसरं दार नव्हतं. ते कारण खरं होतं, त्या काळचं होतं. मॅकॅरीला त्याच वर्षी ऑस्कर मिळालं ते दुसऱ्याच एका विनोदी चित्रपटासाठी. ते घेताना, तुम्ही चुकीच्या चित्रपटाला बक्षीस दिलंत, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

1954 साली राजा परांजप्यांनी 'ऊन पाऊस' केला. निवृत्त मास्तर ते स्वतः, त्यांची बायको सुमती गुप्ते. तेच दुःख, मराठी घरातलं. आणि आता आपल्या भागाची गंमत बघा. 1956च्या नोव्हेंबरात बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि दोनच वर्षांनी तो मराठी मास्तरही कन्नड झाला. बी. आर. पंतलु यांचा 'स्कूल मास्टर', 1958. मास्तर पंतलु स्वतः, बायको एम. व्ही. राजम्मा. मग तो हिंदीत गेला, मल्याळमध्ये गेला, तेलुगूत गेला. आमच्या आईला हा कन्नड 'स्कूल मास्टर' फार आवडायचा. तिनं 'ऊन पाऊस' पाहिलेलाच नव्हता. कन्नडवाल्यांनाच असली गोष्ट सुचते, असं ती म्हणायची आणि वडील चिडायचे. दोघांनाही ती अमेरिकेची निघाली हे ठाऊक नव्हतं. पुढं 2003 साली 'बागबान' आला आणि अमिताभ-हेमामालिनीनं तीच वाटणी रंगीत, गाण्यांसकट करून दाखवली. गाड्यांच्या शोरूममधला विक्रेता म्हाताऱ्या जोडप्याला गिऱ्हाईक समजून गाडीतून फिरवून आणतो, तो प्रसंग 1937च्या चित्रपटात आहे आणि 'बागबान'मध्येही आहे. सासष्ट वर्षांनी तीच गाडी!

इतक्या वेळा, इतक्या भाषांत एकच गोष्ट सांगितली गेली, त्याअर्थी तिच्यात काही खरं आहेच. मी ते नाकारत नाही. पण तिची एक खोड आहे. जोडप्याचं प्रेम दाखवायचं तर आधी त्यांना तोडावं लागतं. एकत्र असताना ते काय करतात हे कुणाला ठाऊकच नाही जणू. फोनवर रडतात, स्टेशनवर भेटतात, चोरून देवळात भेटतात. एका घरात, एका छताखाली, सकाळी नऊ वाजता काय? तिथं कॅमेरा बंद.

ह्यात मॅकॅरीचा अपवाद करायला हवा. त्याचा शेवटचा भाग बघा. दोघांना न्यूयॉर्कमध्ये गाडी सुटेपर्यंत काही तास मिळतात. मुलं जेवायला वाट बघत असतात, आणि हे जातच नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी लग्न झाल्यावर ज्या हॉटेलात उतरले होते तिथं जातात, थोडं पितात, नाचतात, जुन्या तारखांवरून वाद घालतात. काही घडत नाही. पण सगळा चित्रपट त्या काही तासांनी उजळतो. पुढच्यांनी त्यातलं दुःख घेतलं, गाडी घेतली, आणि ते काही तास मात्र हवे तसे घेतले नाहीत. 'बागबान'मध्ये तर शेवटी भाषण आहे, मुलांना चार गोष्टी सुनावणारं. टाळ्या पडतात. त्या वेळी बायको काय करत असते? ऐकत असते.

बायकोचं म्हणाल तर माझी खरी तक्रार इथंच आहे. ह्या सगळ्या चित्रपटांत निवृत्त होतो तो एकटा नवरा. त्याला हार घालतात, घड्याळ देतात, भाषणं होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा तीच ठेवते. 'निवृत्ती' हा केवढा मोठा शब्द आपल्याकडे! प्रवृत्ती आणि निवृत्ती, हे आपण लहानपणापासून प्रवचनांत ऐकत आलो. आणि त्याचा अर्थ आता उरलाय पेन्शन विक्रीचा फॉर्म भरणे. त्यातही बाईला तो फॉर्मसुद्धा नाही.

इथं थोडं घरचं सांगते, कारण त्याशिवाय मला काय म्हणायचंय ते नीट सांगता येणार नाही. आमचे हे हायस्कुलात शिक्षक होते. कर्नाटकात साठाव्या वर्षी सोडतात. निपाणीपासून थोडं पुढं गेलं की महाराष्ट्र लागतो, तिथं अठ्ठावन्न. ह्यांचे कागलचे मावसभाऊ दोन वर्षं आधी घरी बसले आणि दर रविवारी ह्यांना चिडवायचे. शाळा लांबच्या गावी. एसटी धरून घरी यायला सात-साडेसात. मी लग्नाच्या आधीपासून रात्री जेवत नाही. ह्यांनी ते व्रत कधी घेतलं नव्हतं, घेणं जमण्यासारखंही नव्हतं. त्यामुळं तेहेतीस वर्षं मी दिवस मावळायच्या आत एकटी जेवले आणि नंतर ह्यांना वाढलं. रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर संध्याकाळचं ताट आम्ही शेजारी शेजारी मांडलंच नाही. त्याचं कुणाला वाईट वाटलं असंही नाही. तसंच असतं, म्हणून तसंच होतं.

निवृत्त झाल्यावर पहिल्या सोमवारी हे साडेपाचला स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "बसायचं का?"

चित्रपट असता तर इथं सतार वाजली असती. मला काय वाटलं सांगू? राग आला. ती माझी वेळ होती. ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून, उजव्या हातानं जेवत डाव्या हातानं पान उलटायची माझी सवय. घरातली तेवढीच वीस मिनिटं कुणाची नव्हती. आणि आता समोर हे, आणि "आमटीत काय घातलंयस आज?" असं विचारणं. पहिला महिना मी मुकाट्यानं जेवले. ह्यांना वाटलं मी कशावरून तरी रुसले. मग एकदा मीच सांगून टाकलं. ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी जेवायला येताना पेपर घेऊन आले आणि म्हणाले, "तू तुझं वाच की, मी माझं वाचतो." आता तसं चालतं. मधेच एखादी बातमी ते मोठ्यानं वाचतात, मधेच मी एखादा परिच्छेद. भाकरी मोडताना कुणीतरी हसतं.

हे एवढंच. ह्यात खलनायक नाही, मुलगा नाही, सून नाही. पण तेहेतीस वर्षांनी एक बाई आणि एक पुरुष उजेडात समोरासमोर जेवायला शिकत होते, आणि ते शिकताना तिचं काहीतरी जात होतं, ते परत कसं मिळवायचं ह्याची बोलणी चालली होती. ह्याचं नाटक होत नाही, असं कुणी म्हणू नये. लिहिणाऱ्याला तिथं बघायची सवय नाही, एवढंच मी म्हणेन.

आता 'संध्याछाया'. जयवंत दळवींचं हे नाटक ह्या बाबतीत वरच्या सगळ्या चित्रपटांपेक्षा मोठं आहे, कारण ते दोघांना तोडत नाही. नाना आणि नानी एका घरातच आहेत, दिवसभर. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा संरक्षण दलात. त्यांचा दिवस कसा जातो हेच नाटक. चुकून कुणाचा फोन आला तर त्याच्याशीही बोलत बसणं, दारात आलेल्या अनोळखी माणसाला आत घेणं, तेच तेच जुनं पुन्हा बोलणं. विजया मेहतांनी केलेली नानी ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. दळवींना रोजच्या वेळेचा आवाज कळला होता. नानी नानांना बोलते त्यातली खरखर आणि माया वेगळी काढता येत नाही. म्हणूनच शेवट मला जास्त लागतो आणि जास्त खटकतोही. दोघं मिळून आयुष्य संपवतात.

पूर्वी एकदा हे नाटक आमच्यात वाचलं तेव्हा एकजण सहज म्हणाली, "म्हणजे सल्लेखनाच की एक प्रकारची." मला तेव्हा काही बोलायला सुचलं नाही, आणि ते राहिलेलं बोलणं इथं लिहिते. सल्लेखना ती नव्हे. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तिच्या अटी दिल्या आहेत: उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य किंवा रोग, आणि तोही असा की ज्यावर आता उपाय राहिलेला नाही. वैर सोडायचं, ममत्व सोडायचं, सगळ्यांची क्षमा मागायची, मग अन्न हळूहळू. आणि तिचे जे अतिचार सांगितलेत त्यांत जगण्याची आशा आहे तशीच मरण लवकर यावं ही आशाही आहे. मरावंसं वाटणं हाच तिथं दोष. नाना-नानींना मरावंसं वाटतं. मुलांविषयीचं ममत्व सुटलेलं नाही, उलट तेच त्यांना मारतं. 2015च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं तेव्हा आपण गावोगावी मोर्चे काढले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. मोर्चात मीही होते. पण बाहेरच्यांना फरक समजावून सांगणाऱ्या आपण घरातलं नाटक वाचताना तो विसरतो, हे बरं नव्हे. आपल्या भोजचे आचार्य शांतिसागर 1955 साली कुंथलगिरीला गेले ते कुणी फोन केला नाही म्हणून नव्हे.

दळवींनी तसं काही म्हटलेलं नाही, त्यांना दोष नाही. त्यांचं दुःख प्रामाणिक आहे. माझं म्हणणं एवढंच, की शेवटच्या अंकातल्या मरणामुळं आधीच्या दिवसांकडे आपण मरणाची तयारी म्हणून बघायला लागतो. तशी ती नसते. त्या दिवसांत नानी रागावते, हसते, स्वयंपाकाचं बघते. ते दिवस आपल्यापुरते पुरेसे होते असं म्हणायची मुभा नाटक तिला देत नाही.

मग कुणी लिहिलंच नाही का? लिहिलंय, आणि आपल्याच भागात. प्रकाश नारायण संतांचा लंपन आजी-आजोबांच्या घरी राहतो. 'वनवास' 1994 साली पुस्तकरूपानं आलं, पुढं 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आपण ती पुस्तकं लंपनची म्हणून वाचतो, त्याच्या 'मॅड'पणाची, सुमीची. पुन्हा एकदा आजी-आजोबांची म्हणून वाचून बघा. कानडी हेल असलेलं ते बोलणं, ते घर, दोघांचं एकमेकांना सांभाळून असणं. मुलगा बघतोय, त्याला कळतं तेवढंच कळतं, म्हणून त्यांच्या प्रेमाविषयी कुणी भाषण करत नाही. मला तरी म्हातारपणातलं सुख मराठीत इतकं नीट दुसरीकडं सापडलं नाही. आणि ते सापडतं कडेला. मधोमध ठेवून ते कुणी लिहीत नाही.

लिहिणाऱ्याच्या आईचं नाव घ्यायला हवं. इंदिरा संत. बेळगावात कितीतरी वर्षं शिकवत होत्या. त्यांचा आणि ना. मा. संतांचा मिळून एक कवितासंग्रह आहे, नाव 'सहवास'. ना. मा. 1946 साली गेले. इंदिराबाई 2000 सालापर्यंत होत्या. चोपन्न वर्षं. त्यांच्या मुलानं एका म्हाताऱ्या जोडप्याचं भरलेलं घर लिहावं, ह्याचा मी काही अर्थ लावत बसत नाही. पण तो संग्रह आणि 'वनवास' माझ्या कपाटात शेजारी शेजारी आहेत.

एक आक्षेप मला माझ्याविरुद्ध घ्यायला हवा. हे सगळं पेन्शनवाल्यांचं सुख आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या, हजारावर मजुरी घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांना निवृत्तीचा समारंभ कोण करतं? बोटं चालतात तोवर काम. महादेव मोरे निपाणीतच पिठाची गिरणी चालवत अशा माणसांवर लिहीत राहिले. त्यांच्या गोष्टींत साडेपाचचं ताट नाही. आणि आपल्यातही 2006च्या एप्रिलनंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनं पेन्शन नाही, बाजाराच्या चढउतारावरचं आहे. माझ्या पुतणीचं आणि तिच्या नवऱ्याचं म्हातारपण आमच्यासारखं नसणार. म्हणजे हे सुख एका पिढीचं, एका थरातलं, थोड्या वर्षांपुरतंच असेलही. मग तर ते लिहून ठेवायलाच हवं. पुढं कुणाला खरं वाटणार नाही.

हे मी पुढच्या बैठकीत बोलले, जरा कमी शब्दांत. एक सून झालेली तरुण मुलगी, हुशार, बीएड झालेली, म्हणाली, "काकू, पण असल्या पिक्चरमध्ये घडणार काय? दोघं जेवतात, पेपर वाचतात. बघायला कोण येईल?" सगळ्या हसल्या. तिचं चूक नव्हतं. मी त्या थोरल्या अक्कांकडं बघितलं. त्यांचे यजमान जाऊन एकवीस वर्षं झाली.

"मी येतो की," त्या म्हणाल्या. "तिकीट किती ठेवनार हाईसा?"